पुठ्ठ्याच्या आडोशामागं

इस्लामपूरजवळच्या आमच्या गावात एकमत एवढं दांडगं, की कोंबडेसुद्धा एकमेकांना विचारून आरवायचे. ग्रामपंचायत कायम बिनविरोध. देवळात बैठक बसायची, चार मोठी माणसं नावं सांगायची, बाकीचे माना डोलवायचे. गावच्या निवडणुकीत बोटाला शाई लागलेला माणूस कुणी पाहिलेला नव्हता.

अशा गावात मागच्या खेपेला माझ्या चुलतीनं आमच्या वॉर्डातून अर्ज भरला.

मग काय, अर्धा सातारा आणि सगळी सांगली आमच्या अंगणात लोटली. अर्ज मागं घे म्हणून कुणी गावाची अब्रू मधे घातली, कुणी बिनविरोधचं बक्षीस बुडेल म्हणालं. रिटायर सुभेदारांनी तर सीमेवरची लढाई पुन्हा लढून दाखवली. चुलती सगळ्यांना चहा पाजत राहिली. साखर संपली, गूळ संपला. शेवटी लोक एका हातात बिनसाखरेचा चहा आणि दुसऱ्या हातात उसाचं कांडं घेऊन समजूत घालत होते.

बैठकीनं ठरवलेला उमेदवार काकुळतीला आला. "आवं काकी, समद्यांचं ठरलंय की."

"मला कुणी इचारलं? न्हाई. मग समद्यांचं कसं ठरलं?"

अर्ज राहिला.

व्यक्तिस्वातंत्र्य, विवेक यांवर मी कॉलेजात वर्षानुवर्षं बोललोय. पोरं छान झोपायची. पण उदारमतवादाचा पाया मला दिसला तो गावच्या मतदान केंद्रात. यंत्राभोवती पुठ्ठ्याचा आडोसा, एवढाच. चारचौघांत ज्याची मान आपोआप हलते, तो त्या आडोशामागं उभा राहिला की घटकाभर स्वतःचा असतो. सुभेदार तर आत एवढे रमले, की त्यांना हाका मारून बाहेर काढावं लागलं.

चुलती निवडून आली. गुलाल असा उडाला, की कृष्णा लाल होऊनच कर्नाटकात गेली. संध्याकाळी जो तो सांगत आला, काकी, मत आपलंच हां. सगळे खरं बोलत असतील, तर तिला विटा-तासगावचीही मतं पडली असणार.

शेवटी शेजारचा टेलर आला. ईदचा शीरखुर्मा याच्या घरून पहिला आमच्याकडं येतो, म्हणून त्याचं मत आम्ही धरूनच चाललो होतो. तो दारातच थांबला.

"काकी, मी न्हाई दिलं तुमाला. मला त्यो बरा वाटला."

चुलतीनं त्याला दंडाला धरून आत आणलं आणि सुभेदारांना उठवून त्यांच्या खुर्चीत बसवलं.

"बरं केलंस बाबा. माझं चुकलं तर तूच येऊन सांगशील. ही समदी आता मला लय हुशार म्हणत बसणार."