भुरीचा कान

दोनदा ही गोष्ट ओठांवर आली होती. एकदा बायकोसमोर आणि एकदा डॉक्टरांसमोर. दोन्ही वेळा मी पाणी मागितलं आणि विषय बदलला. तिसऱ्यांदा तुम्हांला सांगतोय. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सोपं जात असेल.

तसं माझं काम चांगलं होतं. मोकाट कुत्र्या-मांजरांवर फुकट उपचार करणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी डॉक्टरांच्या हाताखाली होतो. कुत्रं पकडायचं, गुंगीचं इंजेक्शन द्यायचं, पोटावरचे केस काढायचे, जखमेवर जांभळं औषध लावायचं. गावात गेलो की लोक मलाही ‘डॉक्टरसाहेब’च म्हणायचे, आणि मीही कधी कुणाची चूक दुरुस्त केली नाही. पण मी सांगणार आहे ती लबाडी ही नव्हे.

कानाबद्दल आधी सांगायला हवं. नसबंदी झालेल्या कुत्र्या-मांजराच्या कानाला आम्ही छोटा तिकोनी काप देतो. तो काप दिसला की त्या जनावराला पुन्हा कुणी पकडत नाही. आमच्या डॉक्टरांचा नियम एकच होता — आधी टाके, मग कान. मला मात्र घाई. कुत्रं गुंगीत पडलेलंच आहे, तर रांगेत असतानाच कान उरकून टाकावा, असा माझा हिशोब. यावरून डॉक्टरांनी मला अनेकदा झापलं होतं. पण जित्याची खोड, दुसरं काय?

सानगडीच्या अलीकडे एक गाव आहे. नाव सांगत नाही. तिथल्या समाजमंदिरात आमचं शिबिर होतं. गावात देवकाबाई नावाची एक विधवा बाई शाळेत पोरांची खिचडी शिजवायची आणि उरलंसुरलं कुत्र्यांना घालायची. त्यात भुरी नावाची कुत्री तिच्या फार लाडाची. कुत्री शाळेत शिरतात, दर वर्षी पिल्लं वाढतात, म्हणून गाव देवकाबाईवर चिडलेलं. शेवटी तिने ग्रामपंचायतीत शब्द दिला, भुरीचं ऑपरेशन करून आणते, आता पिल्लं होणार नाहीत. झाली तर शाळेतलं काम सोडीन.

भुरीला तिने स्वतः उचलून आणलं. दिवसभर व्हरांड्यात बसून आमच्यासाठी चहा करत राहिली. दुपारी डॉक्टर माझ्यावर ओरडले, “आधी टाके, मग कान! किती वेळा सांगू?” तेही तिने ऐकलं असणार. त्यानंतर वीज गेली. जनरेटर सुरू होईपर्यंत गोंधळ झाला. भुरीचा कान मी तोवर कापून ठेवला होता. अंधारात कापलेला कान हाताला लागला आणि मीच तिला उचलून ऑपरेशन झालेल्यांच्या चटईवर ठेवलं.

संध्याकाळी सोडताना तिला उताणं केलं — पोटावरचे केस काढलेले, पण टाके नाहीत.

डॉक्टर हात धुऊन गाडीत बसले होते. सामान बांधून झालं होतं. मी नुसती हाक मारायची होती. पण आजच झापलं होतं ना? पुन्हा सगळ्यांसमोर कोण ऐकून घेणार? मी बाटली उचलली आणि तिच्या कोऱ्या पोटावर जांभळं औषध फासलं. चांगलं जाडसर. देवकाबाईला म्हणालो, आठ दिवस पोटाला हात लावू नका.

तिने लावला नाही.

काही महिन्यांनी शाळेच्या मागे भुरी व्यायली. पाच पिल्लं. सरपंचांचा फोन आला. डॉक्टर नागपूरला होते, म्हणून मी एकटाच गेलो. ग्रामपंचायतीच्या ओट्याखाली भुरीला बांधून ठेवलेलं. मला पाहून तिने शेपटी हलवली, हे मला अजून आठवतं.

सरपंच म्हणाले, “साहेब, हा काप तुमचा होय का नाही, तेवढंच सांगून द्या. गावात कोनी म्हनते बाईनं ऑपरेशन न करताच कुत्री परत नेली, सोताच कान कापला अन् आमाले उल्लू बनवलं.”

मी वाकून पाहिलं. पाहण्यासारखं काय होतं त्यात? माझाच हात. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणतात. माझ्या मुठीत काय होतं ते मलाच ठाऊक.

“आमचा काप असा नसतो,” मी म्हणालो. “हा कुणीतरी घरच्या कात्रीने कापलेला दिसतो.”

देवकाबाई रडली नाही, भांडली नाही. माझ्याकडे पाहत एवढंच म्हणाली, “मी कापीन का जी भुरीचा कान? मी?”

मी देणग्यांचं पावतीपुस्तक चाळत राहिलो. त्यात पाहण्यासारखं काहीच नव्हतं.

तिचं शाळेतलं काम गेलं. भुरी आणि पिल्लं ट्रॅक्टरमध्ये घालून जंगलाच्या कडेला सोडली गेली. हे मला नंतर कळलं. कळल्यावर मला लाज वाटली. आणि खरं सांगतो, लाजेच्या आधी सुटल्यासारखं वाटलं.

पुढच्या वर्षी त्याच समाजमंदिरात पुन्हा शिबिर लागलं. देवकाबाई आली. टोपलीत मांजर, वर फडकं बांधलेलं. आता दुसऱ्यांच्या शेतात धानाच्या रोवणीला जाते म्हणाली, मी न विचारताच. सगळे आपापल्या गडबडीत होते, जवळ कुणी नव्हतं. तिथे बोलता आलं असतं. ऑपरेशन होईपर्यंत ती दारात उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही.

मी मांजर बाहेर आणलं आणि कात्रीकडे हात नेला. तिने माझं मनगट धरलं. जोरात नाही.

“पयले टाके दाखवा जी,” ती म्हणाली. “मंग कान कापा.”

मी मांजर उताणं केलं. तिने वाकून टाके पाहिले, नीट, एकेक करून. मग मनगट सोडलं.

मी कान कापला.