वाया जाणारा प्रश्न

कोडी सोडवणारी माणसं एकत्र आली की सुटलेल्या कोड्यांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. आमच्या हैदराबादेतल्या हिमायतनगरच्या क्लासचं तसंच झालं. तेव्हा नवनव्या कॉम्प्युटर कंपन्या येत होत्या आणि त्यांच्या टेस्टमध्ये एक कोडं हटकून असायचं: एका गावचे लोक नेहमी खरं बोलतात, दुसऱ्या गावचे नेहमी खोटं.

आमच्यात सगळ्यात हट्टी अंबरपेठची वंदना. वडिलांनी तिला बजावलं होतं, "ही एक टेस्ट दे. नाही जमलं तर बीदरचं स्थळ पक्कं!"

*

पहिल्याच दिवशी जोशी सरांनी विचारलं, "फाट्यावर एक माणूस उभा आहे. खरा की खोटा, ठाऊक नाही. रस्ता कसा विचाराल?"

वंदना म्हणाली, "सर, आपल्या हैदराबादेत विचारून काय उपयोग? खरा असो की खोटा, 'बस, सामनेच है' म्हणतो!"

आम्ही हसलो. सर मात्र खूश. "हेच लक्षात ठेवा! खरा-खोटा ओळखायचा असेल, तर ज्याला दोघंही एकच उत्तर देतील, तो प्रश्न वाया!"

*

मग तिनं बाजारात प्रॅक्टिस सुरू केली. टोमॅटोवाल्याला म्हणाली, "बाजूवाले कू पूछे तो तुम्हारे टमाटे कैसे हैं बोलता?"

"सडेले हैं बोलता, अम्मा! मैं भी उसके टमाटों कू वैसाच बोलतूं!"

त्या दिवशी वंदना रिकामी पिशवी घेऊन घरी गेली.

*

एकदा आम्ही ठरवलं, आज दिवसभर सगळ्यांनी खोट्या गावचं व्हायचं. या बाईनं ते घरीसुद्धा पाळलं!

वडिलांनी विचारलं, "काय गं, अभ्यासाचा कंटाळा आला वाटतं?"

"हो, फार!"

"मग बीदरला कळवू?"

"कळवा की!"

वडील तडक कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर!

दुसऱ्या दिवशी तिनं परोपरीनं सांगितलं की कालचा नुसता खेळ होता, पण त्यांचा एकच हेका: "काल खोटं बोललीस, मग आज खरं कशावरून?" मला तिचं फार वाईट वाटलं. ती मात्र डोळे पुसून पुन्हा कोड्यांना बसली.

*

टेस्ट ती पास झाली. उरला इंटरव्ह्यू. तिच्यानंतर माझा नंबर होता आणि दार अर्धं उघडं होतं. आत तीन साहेब. मधल्यानं विचारलं, "लग्न झाल्यावर नोकरी सोडणार का?"

वंदना म्हणाली, "सर, सोडणारीही 'नाही' म्हणेल, न सोडणारीही 'नाही'च म्हणेल. हा प्रश्न वाया गेला. दुसरा विचारा!"

मधल्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सोमवारपासून येऊ शकाल?"

"हां, हा प्रश्न बरोबर आहे, सर!"