रफिकभाईंचा पेनड्राइव्ह

गेल्या रविवारी मांडवगणात, आमच्याच घरात, माझा चांगलाच पोपट झाला. सकाळी लॅपटॉप सुरू केला तर काळी स्क्रीन, आणि वर इंग्रजीत एकच ओळ... सुरू करायला काही सापडत नाही.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. गावात कुणाचा प्रिंटर अडला की मलाच बोलावतात, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. जुना लॅपटॉप विंडोजवर रडतखडत चालायचा, म्हणून आदल्या रविवारी मोठ्या ऐटीत विंडोज काढून त्यावर लिनक्स ही हलकी सिस्टिम टाकली. ती टाकायला लागणारा पेनड्राइव्ह शेजारच्या रफिकभाईंचा. ते उसाचा ट्रॅक्टर चालवतात. त्यात त्यांची गाणी होती, ती त्यांना विचारूनच पुसली.

माझी बायको मनीषा लग्नानंतर चौदा वर्षांनी बी.एड. करतेय. आठवडाभर घरचं सगळं उरकून, दोन बोटांनी टाइप करत तिने याच लॅपटॉपवर प्रोजेक्ट लिहिला. शिरूरला कॉलेजात तो जमा करायचा शेवटचा दिवस सोमवार. नाही दिला तर वर्ष वाया.

आणि दुसरी कॉपी? पोरांना 'बॅकअप घ्या रे' म्हणून ओरडणाऱ्या मास्तरच्या घरात एकही नव्हती.

दोन तास मोबाइलवर वाचत सेटिंगशी झटापट केली... हे बंद करून बघ, ते चालू करून बघ. शेवटी म्हणालो, परत इन्स्टॉल करावं लागेल, पण मग आतलं सगळं जाईल. मनीषा लॅपटॉप उचलून सगळ्या बाजूंनी बघायला लागली. ती चिडली असती तर बरं वाटलं असतं.

थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, "अहो, आठवडाभर याला तो पेनड्राइव्ह लावलेला होता. आज नाहीये."

माझी ट्यूब तेव्हा पेटली. लॅपटॉपला जागं करून कामाला लावणारा एक छोटा प्रोग्राम असतो, बूटलोडर. तो कुठे टाकू असं इन्स्टॉल करताना विचारलं होतं, आणि मी न वाचता यादीतलं पहिलं नाव दाबलं. ते नाव पेनड्राइव्हचं होतं! शेवटी 'पेनड्राइव्ह काढा' असंही स्क्रीनवर आलं होतं, पण तो मी तसाच ठेवला, म्हणून आठवडाभर सगळं सुरळीत चाललं. आणि रविवारी सकाळी रफिकभाई तो मागून घेऊन ऊस पोचवायला पाटसच्या साखर कारखान्याकडे गेले होते.

फोन लावला. "सर, गाणी भराया दुकानात दिलाय की आत्ताच!"

मनीषाचा प्रोजेक्ट त्याच्यावाचून अडकलाय, उद्या नाही दिला तर तिचं वर्ष जाईल, एवढं सांगितलं. फोन कट. पुढची दहा मिनिटं आम्ही दोघं मोबाइलकडे बघत बसलो...

मग त्यांचाच फोन आला. "घेतला माघारी. अजून कायबी पुसलं न्हाई त्यानं. हितनं एक मोटारसायकल निघालीय तिकडं, तिच्यावर बसून येतो."

दुपारी एकला ते दारात. पेनड्राइव्ह लावला, बटण दाबलं... आणि लॅपटॉप सुरू झाला. प्रोजेक्ट जागच्या जागी होता. मनीषाने पदर तोंडाला लावला. आधी फाइल दोघांच्या मोबाइलवर घेतली, मग बूटलोडर हार्ड डिस्कवर टाकला. पेनड्राइव्ह काढून पुन्हा सुरू केला, चालला. रफिकभाई अर्धा कप चहा घेऊन घाईने निघून गेले.

सोमवारी प्रोजेक्ट जमा झाला.

मंगळवारी दुसऱ्या एका ट्रॅक्टरवाल्याकडून कळलं. रविवारी रफिकभाई इकडे आले आणि तिकडे कारखान्याच्या यार्डात, उसाच्या गाड्यांच्या रांगेत, त्यांचा नंबर लागला. ट्रॅक्टरवर माणूसच नाही म्हटल्यावर मागच्या गाड्या पुढे गेल्या. उसाची खेप घेऊन ते सोमवारी दुपारपर्यंत तिथेच ताटकळले.

मी त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, एका शब्दाने सांगायचं तरी होतं...

ते हसले. "त्यात काय सांगायचं सर? माझा एक दिस गेला. वहिनींचं वरीस गेलं असतं."

रोज चाळीस मिनिटं वर्गात न थांबता बोलणारा मी, तिथे साधं 'थँक्यू'सुद्धा म्हणू शकलो नाही. म्हणून इथे, सगळ्यांसमोर लिहितोय... रफिकभाई, आम्हा दोघांकडून मनापासून आभार.