राघव नसलेला अल्बम

लोकगीतांच्या चालींना गिटारची जोड देणारा आमचा आवडता बँड राघवनेच सुरू केला होता. मागच्या वर्षी तो बाहेर पडला आणि त्याच्याशिवाय बँडचा नवा अल्बम आला. परवा कॅफेत आम्ही जुने चाहते एकेक अल्बम तोलत बसलो होतो. "राघव नाही, तर त्यात जीवच नाही," नीलिमा म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही. खरं तर नवा अल्बम मी रोज ऐकते, पोळ्या लाटताना गुणगुणते, आणि दर वेळी राघवशी बेइमानी केल्यासारखं वाटतं. निघून गेलेल्या माणसावर माया असली, की मागे राहिलेल्यांचं काही आवडणंही गुन्हा वाटू लागतं का?

तेवढ्यात राघवच आत आला. चेहऱ्याने तो आम्हाला ओळखतो. खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "नवा अल्बम ऐकलात?"

मीच घाईघाईने म्हणाले, "तुमच्या पहिल्या अल्बमची सर नाही त्याला."

"मला तर फार आवडला," तो हळूच म्हणाला. "कुणाशी तरी त्याबद्दल बोलावं, म्हणून तुमच्यात येऊन बसलो."

मला मान वर करवेना.