खारींची पाठवणी

आमच्या ह्यांच्या हातून आयुष्यात एक झुरळ मेलं नाही. पुण्यात असताना पिंजऱ्यात उंदीर सापडला की हे सकाळी सायकलला पिंजरा अडकवून कालव्यापलीकडे जायचे आणि त्याला सोडून यायचे. कालव्यापलीकडचे लोकही तेच करायचे, त्यांचे उंदीर बहुधा आमच्याकडे यायचे. मी तेव्हा हसायचे.

इथे कॅलिफोर्नियात निवृत्तीनंतर ह्यांनी मागच्या अंगणात अंजीर लावलं. फळ धरलं आणि तांबूस पोटाच्या गलेलठ्ठ खारी आल्या. एकही अंजीर धड खायच्या नाहीत, चावा घेऊन टाकून द्यायच्या. माझा नुसता संताप व्हायचा. ह्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून पिंजरा आणला आणि आत शेंगदाणे ठेवले. खार सापडली की पिंजऱ्यावर जुना टॉवेल टाकून हे तिला गाडीतून फ्रीवेपलीकडच्या डोंगरावर न्यायचे. तिथे ओकची दाट झाडी आहे. "आपल्याकडे काय ठेवलंय तिला? इथे चार नातेवाईक भेटतील," असं म्हणत दार उघडायचे. आम्ही ह्याला खारींची पाठवणी म्हणायचो. मी थर्मासमध्ये चहा घेऊन बरोबर जायचे.

आमची मुलगी इथेच जन्मली, वन्यप्राण्यांवर काम करते. त्या डोंगरावर इथल्या मूळच्या करड्या खारी होत्या, रुपेरी पाठीच्या, पांढऱ्या पोटाच्या, माणूस दिसला की लपणाऱ्या. आसपास बाकी कुठेच त्या उरल्या नव्हत्या. त्यांच्यासाठी तिने झाडांवर कॅमेरे लावलेत, हे आम्हाला माहीत होतं. पण आमच्या लेखी खार ती खार.

एका रविवारी ती लॅपटॉप घेऊन आली, त्यावर तिच्या कॅमेऱ्याने टिपलेली तांबूस पोटाची खार. "बाबा, लुक. फॉक्स स्क्विरल. ही इथली नाहीच, लोकांनी ईस्टकडून आणलेली. फ्रीवे क्रॉस करून ती वर जाऊच शकत नाही. समबडी इज ड्रायव्हिंग देम अप."

ह्यांनी चष्मा लावून फोटो पाहिला. म्हणाले, "हा पाण्याच्या टाकीजवळचा ओक ना?"

तिने आधी ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ओरडली असती तर बरं झालं असतं. पण तिने शांतपणे समजावलं. तांबूस खार वर्षातून दोनदा विते, करडी एकदाच. एकाच झाडीत दोघींचं भागत नाही, आणि मागे हटते ती करडी. पकडलेली खार दुसरीकडे सोडायला कायद्यानेही बंदी आहे म्हणे. आम्हाला ह्यातलं काहीही ठाऊक नव्हतं.

"मग आता?" ह्यांनी विचारलं.

"वी ट्रॅप देम."

"आणि सोडायच्या कुठे?"

एरवी आमच्याशी अर्धं इंग्रजी बोलणारी माझी लेक निव्वळ मराठीत म्हणाली, "सोडायच्या नाहीत, बाबा. मारायला लागतील."

त्यानंतर हे तिच्या लोकांबरोबर पिंजरे लावायला जायला लागले. नका जाऊ म्हटलं तर म्हणाले, "आणल्या मी, मग जायला नको?" मी काही बरोबर गेले नाही, मला धीर झाला नाही. संध्याकाळी येऊन हात धूत बसायचे, जेवण नको म्हणायचे. मला फार वाईट वाटायचं, रागही यायचा, पण कुणावर काढायचा ते कळायचं नाही. अंजिरं झाडावरच पिकून गळली.

डोंगरावरच्या तांबूस खारी हळूहळू कमी झाल्या. आता हे दर रविवारी मुलीला फोनवर एवढंच विचारतात, "कॅमेऱ्यात दिसली का गं करडी?" ती म्हणते, "अजून नाही, बाबा." हे फोन ठेवतात आणि पुढच्या रविवारची वाट बघतात.

परवा ती घरी आली होती. हे बाहेर झाडांना पाणी घालत होते. भाजी चिरता चिरता मी तिला म्हटलं, कॅमेऱ्यांची जागा जरा बदलून बघ ना, ह्यांच्या जिवाला तेवढंच बरं वाटेल.

तिने खिडकीतून बाहेर ह्यांच्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, "तिथे बघायला काही उरलं नाही, आई. कॅमेरे आम्ही केव्हाच काढलेत."