हिंगाचा खडा

इथे परदेशात, बेडोकच्या कॉन्डोत आमच्या समोर लुइझियानाची एक अमेरिकन बाई राहायची. तिच्या गावाकडचा क्रिओल मसाला इथे मनासारखा मिळत नाही, ही तिची रोजची तक्रार. शेवटी मीच तिच्याकडून कृती लिहून घेतली. पापरिका, लसणाची आणि कांद्याची पूड, मिरी, ओरेगानो, थाइम. सगळं नुसतं कालवायचं, भाजायचं काहीच नाही. न भाजता कसला आलाय मसाला, असं पुटपुटत मी तो कालवला. छोटी बरणी भरली आणि कीड लागू नये म्हणून सवयीने वर हिंगाचा खडा ठेवला. बरणी देताना त्याबद्दल सांगायला मात्र विसरले.

पंधरा दिवसांनी ती रिकामी बरणी घेऊन दारात आली, तेव्हा मला तो आठवला.

"अगं, त्यात एक खडा होता," मी घाबरत म्हटलं.

"हो, तो कुटून कोळंबीत घातला."

तेवढ्या हिंगात आमची महिनाभराची आमटी होते.

"मसाला आता माझा मी करीन," ती बरणी पुढे करत म्हणाली. "तू फक्त खडे दे."