तालमीतली माती आणि माझ्या भावाचा पाय

माझा धाकटा भाऊ तुमचा मामाआजोबा. तुम्ही त्याला फक्त मोबाइलच्या पडद्यावर पाहिलंय, आणि त्याचे ते चुरगळलेल्या कणकेसारखे कान पाहून तुम्ही एकदा हसला होतात. पैलवानांचे कान तसेच होतात. वर्षानुवर्षं डोकी एकमेकांवर घासून आत रक्त साकळतं आणि कान घट्ट होतो. तालमीत असा कान म्हणजे भूषण. त्याच्या लग्नाच्या वेळी आमच्या आईनं मात्र फोटोवाल्याला सांगितलं होतं, "बाबा, टोपी जरा खाली ओढून फोटो काढ रे."

गंगापूरजवळच्या आमच्या गावातून वडिलांनी आम्हा दोघांना एकाच जूनमध्ये शहरात आणलं. मला कॉलेजात घातलं, इंग्रजी विषय घेऊन. त्याला शहागंजच्या मागच्या एका तालमीत. खोली एकच होती. खोलीच्या एका बाजूला माझी पुस्तकं आणि इस्त्रीच्या साड्या, दुसऱ्या बाजूला त्याचे लंगोट, बदामाचा खलबत्ता आणि तुपाचा डबा. पहाटे तो उठून जाई आणि मी कॉलेजला निघायच्या वेळी अंगभर लाल माती घेऊन परते. त्या मातीत तेल, हळद, ताक, लिंबू आणि कापूर कालवलेला असे. खरचटलं, फुटलं, सोललं, तरी मुलं आखाड्यातलीच चिमूटभर माती त्यावर दाबत आणि पुन्हा कुस्तीला उभी राहत. मी एकदा टिंक्चरची बाटली आणली तर तो म्हणाला, "अक्का, हे तुझ्या इंग्रजीवाल्यांना लाव. आमच्या मातीनं हाड पण सांधतं."

तालमीचे वस्ताद जुन्या शहरातले, दखनी बोलणारे, बुटके आणि अतिशय कडक. त्यांच्या होकाराशिवाय त्यांचा एकही पठ्ठ्या कुठल्या जत्रेत कुस्ती जोडत नसे. समोरचा कितीही चिडवो, भाऊ वस्तादांकडे बघे. त्यांनी मान हलवली तरच आखाड्यात उतरे. असा तो दहा-बारा वर्षं लढला आणि पुष्कळ जिंकला. गावोगावचे फेटे आमच्या पेटीत मावेनात. लोक रस्त्यात थांबून त्याच्या पाया पडत. मग एका जत्रेत शेवटच्या कुस्तीत त्याचा उजवा गुडघा फिरला. पट्टी बांधून आणखी एक हंगाम काढला, पण समोरच्यांना आता ठाऊक झालं होतं की कुठला पाय धरायचा.

पुढे चितेगावच्या एका कारखान्याच्या फाटकावर त्याला रखवालदारी मिळाली. स्टुलावर बसून राहायचं, गाड्या आल्या की साखळी खाली करायची. मेहनत थांबली आणि खुराक तसाच राहिला. दूध, तूप, बदाम, वर गोड. माझी भावजय ताटात कमी वाढायला गेली तर तो म्हणे, "पैलवानाच्या घरात असं वाढतात व्हय?" निवृत्त होईपर्यंत शुगर चांगलीच वाढलेली होती आणि पायांची जाणीव कमी झाली होती. गोळ्यांसाठी मी त्याला वारांच्या नावांचे कप्पे असलेला डबा आणून दिला. त्यात तो सुपारी ठेवी.

दर शनिवारी तो तालमीत जाई. तिथं चप्पल बाहेर काढावी लागते, तो त्या जागेचा मान आहे. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात भर दुपारी फरशी तापलेली असताना तो तसाच अनवाणी अंगण ओलांडून गेला. उजवा तळवा भाजला. त्याला कळलंच नाही. घरी आल्यावर अंगठ्याखाली फोड दिसला, तेव्हा पुढच्या शनिवारी त्यानं आखाड्यातली माती रुमालात बांधून आणली आणि रोज लावायला सुरुवात केली. भावजयीला सांगितलं, कुणाला बोलू नको.

मला कळलं ते वासानं. मी त्यांच्याकडे गेले होते, तो दारात पायमोजा घालून बसला होता. मे महिन्यात पायमोजा!

"काढ तो," मी म्हणाले.

"राहू दे गं अक्का. मास्तरकी नको करू."

"काढतोस की मी काढू?"

त्यानं काढला. माती सुकून कवचासारखी बसली होती आणि तिच्या कडेची बोटं काळी पडली होती. मी तशीच बाहेर गेले. रिक्षा बोलावली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाई तरुण होत्या, पण बोलणं स्पष्ट. "काका, आज अंगठा आणि शेजारची दोन बोटं काढली तर बाकीचा पाय वाचण्याची चांगली शक्यता आहे. थांबलात तर मी काही सांगू शकत नाही."

"वस्तादांना विचारतो," तो म्हणाला.

डॉक्टरीण बाईंना वाटलं वस्ताद म्हणजे कुणी मोठे डॉक्टर. "कुठल्या हॉस्पिटलचे?" त्यांनी विचारलं. "तालमीचे," मी खाली बघून म्हणाले.

मी पुष्कळ समजावलं, रागावले, भावजय रडली. तो एकच धरून बसला. "उभ्या जन्मात त्यांना इचारल्याबिगर उतरलो नाय. आता बोटं तोडून देऊ? नाय." कागदावर सही त्याचीच लागत होती. वस्ताद तेव्हा जालन्याला मुलीकडे होते, नव्वदीच्या आसपासचे, कानानं अधू. मी फोन लावला आणि त्यांच्या नातवाला ओरडून सगळं सांगितलं. पलीकडून म्हाताऱ्यांचा आवाज आला, "मैं आता हूं. मेरे आनेतक किसी कू हात नक्को लगाने देना." भावानं फोनवरचं ते शेवटचं वाक्य ऐकलं आणि तो निर्धास्त झाला. तो हुकूम होता.

वस्तादांना ताप होता. निघता निघता दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत भावाचाही ताप चढला आणि पोटरीपर्यंत पाय सुजून चकाकायला लागला.

ते आले ते नातवाच्या खांद्यावर हात ठेवून. खाटेशी खुर्ची ओढून बसले आणि स्वतःच्या हातानं पायावरचं पांघरूण बाजूला केलं. वाकून जवळून पाहिलं.

"मिट्टी किसने लगाई रे?"

"मीच, वस्ताद. आपल्या आखाड्याची."

म्हाताऱ्यांचा चेहरा जो उतरला तो मी विसरू शकत नाही. हा माणूस इतकी वर्षं हेच शिकवत आला होता. त्यांनी भावाचा पंजा दोन्ही हातांत धरला. "मेरे कू क्या मालूम था बेटा, इतना है करके. छोड दे अब. कुस्ती बराबर में छूटी, समझ."

भाऊ हसला. तापानं ओठ फुटले होते. "बरोबरीत सुटली वस्ताद, तर दोन्ही पैलवान चालत बाहेर जात्यात."

वस्ताद उठून बाहेर गेले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. भावानं सही केली.

पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला. शुद्धीवर आल्यावर त्यानं हात खाली नेऊन चाचपलं आणि भावजयीला म्हणाला, "चला, गुडघा दुखायचा तरी थांबला." ती हसली नाही.  वस्ताद पावसाळ्यात वारले. त्यांच्या मातीला त्याला नेता आलं नाही, जखम भरलेली नव्हती.

नंतर त्याला कृत्रिम पाय बसवला. पाहुणे येणार असले की तो पाय लावून, धोतर नीट करून, दोन्ही पायांत बूट घालून खुर्चीत बसतो. जुने पैलवान येतात, तो तोंडभर गप्पा मारतो. ते गेले की पट्टे सोडतो आणि पाय कोपऱ्यात उभा करतो.

या दिवाळीच्या आधी तो न्हाणीघरात पडला, पाठीवर. भावजयीला तो उचलेना. तिनं मला फोन केला आणि शेजाऱ्यांना हाक मारली. मी पोहोचले तेव्हा चार माणसं त्याच्या काखेत आणि कमरेखाली हात घालत होती. "पैलवान, सैल सोडा अंग," एक जण म्हणाला. ज्याला भरल्या आखाड्यात कुणी जमिनीवरून उचलू शकत नसे, त्याला त्यांनी चादरीत घालून उचललं. त्यानं डोळे गच्च मिटले होते आणि खाटेवर ठेवल्यावरही ते उघडले नाहीत. सगळे चहा न घेता गेले.

तेव्हापासून तो कुणाच्या देखत खुर्चीतून उठत नाही. मागच्या रविवारी तुमच्यापैकी धाकटीनं कॉलवर विचारलं, आजोबा, उठून दंड थोपटून दाखवा ना. तो म्हणाला, आज लई दमलोय बाळा. तो दमलेला नव्हता. तुम्ही त्याला पुन्हा उठायला सांगू नका. बसल्या बसल्या तो जे सांगेल ते ऐका, आणि फोन आधी तुम्ही ठेवा, म्हणजे तुम्ही बघत असताना त्याला हलावं लागणार नाही.